कॅच घेतल्यानंतर

नव्या चामड्याचा वास आला की माझ्या बरगड्या अजून आकसतात. नव्वदच्या दशकात मी अबुधाबीतल्या रुवैसच्या रिफायनरीत होतो. तिथले अमेरिकन शुक्रवारी त्यांचा फुटबॉल खेळत. त्यांच्यातला रिफायनरीचा सेफ्टी ऑफिसर पूर्वी व्यावसायिक वाइड रिसीव्हर होता, म्हणजे सुसाट धावत लांबचा चेंडू झेलणारा. त्याची सगळी बोटं वाकडी झाली होती. "बाउंड्रीवर आपण एक कॅच सोडत नाही," अशी बढाई मी मारली आणि त्यानं मला आपल्या जागी उभं केलं. पळालो. मागून धपधप बूट, घशात वाळू. बायको मैदानाच्या कडेवरून किंचाळली, "अहो, मागे बघू नका!" एकदा झेलला की सुटलो, एवढंच डोक्यात होतं. झेलला, आणि खलास, आउट, म्हणून चेंडू आभाळात उडवून थांबलो! चेंडू खाली आला, त्याच्यामागोमाग तिघं माझ्यावर. मला उचलत सेफ्टी ऑफिसर म्हणाला, "हबीबी, खरं पळायचं ते कॅच घेतल्यावर. मी सगळी वर्षं मागून येणाऱ्यांच्या भीतीवरच पळालो." परवा मुलीबरोबर खेळाच्या दुकानात गेलो, तर दुकानदारानं तसलाच नवा चेंडू माझ्याकडे फेकला. मी झेलला. मुलीची हाक ऐकू आली तेव्हा मी पार्किंगमध्ये पोचलो होतो. "बाबा, स्टॉप! नोबडी इज चेझिंग यू!"