आत्याचा चोरखिसा

आमच्या आत्याला कायमची पोटदुखी आहे, असं मी दुसरीत असताना वर्गात बाईंना सांगितलं होतं. चूक माझी नव्हती. आत्या भाजी घ्यायला वाकली, देवळाच्या रांगेत उभी राहिली, रिक्षातून उतरली, की तिचा डावा हात आपोआप पोटाच्या कडेला जायचा, जरा दाबायचा आणि परत यायचा. गर्दी दिसली की दुखणं सुरू, घरात पाऊल टाकलं की बरं. पुढे मोठी झाल्यावर कळलं, की तिच्या परकराला आतून एक चोरखिसा होता. त्याला टिचबटण, त्यावर सेफ्टी पिन आणि पिनेवर आत्याचा हात.

आत्या म्हणजे बाबांची थोरली बहीण. तिने लग्न केलं नाही. अंबरनाथला एका कारखान्याच्या ऑफिसात नोकरी केली आणि तिथेच दोन खोल्यांत एकटी राहिली. रविवारी मात्र ती बदलापूरला आमच्याकडे असायची. परकर ती स्वतः शिवायची, कारण शिंप्याला खिशाची जागा कळली की तो चोरखिसा राहत नाही, असं तिचं मत होतं. माझ्या फ्रॉकलाही तिने एक खिसा लावून दिला होता. त्यात ठेवायला माझ्याकडे बोरांच्या बियांशिवाय काही नव्हतं, पण शाळेत जाताना मीही पोटावर हात दाबून बघायचे.

मौल्यवान वस्तूंविषयी तिचं एक शास्त्रच होतं. "सगळं एका जागी ठेवणारा एकदाच रडतो, पण चांगलाच रडतो," असं ती म्हणायची. म्हणून थोडं अंगावर, थोडं पिशवीच्या तळाशी आणि थोडं चोरासाठी. हे चोरासाठीचं पाकीट तिच्या पर्समध्ये अगदी वर, सहज हाताला लागेल असं असायचं. त्यात सुटे पैसे, मुदत संपलेलं एक कार्ड आणि गणपतीचा छोटा फोटो. "त्यालाही काहीतरी मिळायला हवं. नाहीतर तो शोधत बसतो." एकदा उल्हासनगरच्या बाजारात ते पाकीट खरंच मारलं गेलं. त्या संध्याकाळी आत्या आमच्याकडे जिलबी घेऊन आली. इतकी वर्षं नुसतंच वागवलेलं पाकीट एकदाचं कामी आलं, याचा तिला कोण आनंद झाला होता.

निवृत्त झाल्यावर तिने जाहीर केलं, की ती पाठीवर सॅक टाकून चार महिने हिमालयातल्या गावांतून एकटी फिरणार आहे. यात्रा कंपनी नाही, मैत्रिणी नाहीत. बस मिळेल तिथे बस, नाही तिथे पाय. बाबा खूप चिडले. "ताई, एकटी बाई, या वयात?" आत्या शांतपणे म्हणाली, "एकटी बाई मी केव्हापासूनच आहे. या वयाचं काय ते बघू."

सॅक घ्यायला ती मला उल्हासनगरला घेऊन गेली. दुकानातल्या सिंधी काकांनी विचारलं, "आंटी, किसके लिए? पोते के लिए दिखाऊं?" आत्याचं हिंदी आमच्या सगळ्यांच्या हिंदीसारखंच. ती म्हणाली, "पीठ मेरी है, तो सॅक भी मेरीच होगी ना." मग काकांनी मनापासून सॅक दाखवल्या, तिच्या पाठीवर चढवून पट्टे आवळून दिले आणि वर आकड्यांचं कुलूप घ्यायचा आग्रह धरला. आत्याने ते घेतलं नाही. माल इथे आहे अशी पाटी चोराला कशाला लावून द्यायची, असं ती बाहेर आल्यावर म्हणाली.

त्यानंतर रोज सकाळी सॅकमध्ये तांदूळ-डाळीच्या पिशव्या भरून ती शिवमंदिरापर्यंत चालत जायची आणि परत यायची. कोणी विचारलं तर सांगायची, "दळण." रोज एवढं दळण कोण खातं, या विचाराने तिच्या शेजारणी हैराण झाल्या होत्या. आधार कार्डाच्या प्रती तीन ठिकाणी, एटीएम कार्ड मोज्यात, फोन नंबर कागदावर लिहून चपलेच्या आत. आणि सगळ्यात शेवटी पाटली. आजीच्या दोन पाटल्यांपैकी एक आत्याकडे होती. आत्या ती बरोबर नेणार होती. "अडलं तर कुठल्याही गावात सोनं ओळखतात. मला कोण ओळखणार?"

पाटलीसाठी तिने मुद्दाम सगळ्यात जुना परकर निवडला. विटलेला, कॉफी रंगाचा, काठाला ठिगळ लावलेला. चोराला हात लावावासाच वाटू नये, हा त्यामागचा विचार. निघण्याआधी ती खोल्या बंद करून काही दिवस आमच्याकडे येऊन राहिली. पाडवा तोंडावर आला होता आणि आईची साफसफाई चालू होती. बोहारीण दारात आली तेव्हा आईने जुन्या कपड्यांचा गठ्ठा बांधून दिला आणि बरीच घासाघीस करून स्टीलचा एक झाकणाचा डबा घेतला. कॉफी रंगाचा परकर, चोरखिशातल्या पाटलीसकट, त्या गठ्ठ्यात गेला. चोरासाठी केलेली सगळी योजना आईवर अगदी तंतोतंत लागू पडली.

संध्याकाळी आत्या परकर शोधू लागली, तेव्हा आईचा चेहरा पांढराफटक पडला. बाबा आणि मी स्कूटर काढून निघालो. बोहारीण बुवापाड्याची होती. ती बिचारी आमच्याबरोबर उल्हासनगरच्या जुन्या कपड्यांच्या बाजारात आली, पण तिचा माल केव्हाच दुसऱ्याने उचलला होता. आम्ही तिघांनी ढिगामागून ढीग उपसले. जगात कॉफी रंगाचे इतके परकर असतील असं मला वाटलं नव्हतं.

हात हलवत घरी आलो. बाबांनी विचारलं, "गठ्ठा कोणी बांधला होता?" आईने तोंड उघडलं आणि त्याआधीच आत्या म्हणाली, "मीच टाकला रे त्यात. आवराआवरीत लक्षात राहिलं नाही."

बाबांना हवं होतं ते हातात आलं. घरातल्या घरात आपल्या आईची पाटली सांभाळता येत नाही, ती बाई डोंगरात स्वतःला काय सांभाळणार? विसरायला लागलीस ताई, तिकीट रद्द कर. ते पुढचे दोन दिवस तेच बोलत राहिले आणि आत्या ऐकत राहिली. एक वाक्य बोलली असती तर ती सुटली असती. मला वाटलं, आता ही जात नाही. मला तिचा राग आला होता आणि वाईटही वाटत होतं. सॅक दाराशी तशीच उभी होती.

तिसऱ्या दिवशी ती नाश्त्याला बसली आणि म्हणाली, "माझ्याकडे चोरण्यासारखं आता काहीच उरलं नाही. आता तर मी नक्कीच जाणार." आणि खरोखर गेली. स्टेशनवर बाबा सोडायला आले होते, तोंड फुगवून. गाडी हलली तेव्हा मात्र त्यांनी खिडकीतून हात घालून तिच्या सॅकचा पट्टा घट्ट केला.

चार महिन्यांनी ती काळवंडून आणि बारीक होऊन परत आली. तिच्याजवळ सांगण्यासारखं पुष्कळ होतं, पण एक गोष्ट ती पुन्हा पुन्हा सांगायची. कुठल्याशा गावात ती सॅक ओट्यावरच विसरून पाणी आणायला गेली. आठवण झाली तशी धावत परत आली, तर पाऊस येईल म्हणून शेजारच्या बाईने सॅकवर ताडपत्री घालून ठेवली होती. त्यानंतर आत्याची पोटदुखी गेली. बाजारात तिचे दोन्ही हात मोकळे असायचे. मला ते बघताना चुकल्याचुकल्यासारखं व्हायचं.

बोहारणीकडून घेतलेला डबा आमच्या फडताळात होता. त्यात लाडू असोत की शंकरपाळे, आत्या आली की आईला म्हणायची, "मीना, त्या महागाच्या डब्यातलं काढ काहीतरी." बाबा हसायचे. आई हसायची नाही, पण डबा मात्र आत्या यायच्या आदल्या दिवशी नेमाने भरून ठेवायची.

आत्या गेली त्याला दोन वर्षं झाली. आजारपण फार लांबलं नाही. आम्ही आता खरवईला नव्या इमारतीत राहतो. जुनं सामान बरंच कमी केलं, डबा आहे. आणि आता मी निघाले आहे. ईशान्येकडे, तीन महिने, एकटी. बाबांनी विरोध करायला तोंड उघडलं, आत्याच्या फोटोकडे बघितलं आणि मिटलं. सॅक तिचीच आहे. फक्त पट्टा बदलून घेतला.

परवा दुपारी आई माझी पॅंट घेऊन मशीनवर बसली. न विचारता तिने आतून खिसा लावायला घेतला. शिवता शिवता, मान वर न करता म्हणाली, "तो गठ्ठा मी बांधला होता."

"माहीत आहे मला."

आईचा पाय थांबला. "कसं?"

"तू आत्याकडे बघत होतीस तेव्हा मी तुझ्याकडे बघत होते."

तिने सुईखालचं कापड सरळ केलं. मग म्हणाली, "दुसऱ्या दिवशी मी त्यांना म्हटलं, ताई, मी सांगते ह्यांना. तुमचं जाणं मोडायला नको. तर म्हणाल्या, 'सोनं गेलं ते गेलं. सासूची पाटली बोहारणीला दिली, हे तुला जन्मभर ऐकावं लागेल. मी काय, जाईन नाहीतर राहीन. तुला इथे रोज नांदायचंय.'" आईने पदराने नाक पुसलं आणि पुन्हा मशीन सुरू केलं. मला रडू आलं, ते मी येऊ दिलं. पाटलीसाठी तिने इतका लपवाछपवीचा खटाटोप केला, पण जे खरं जपायचं होतं ते तिने सगळ्यांच्या देखत, एका वाक्यात जपलं होतं.

आज सॅक भरत होते. कार्ड मोज्यात, प्रती तीन ठिकाणी, चोरासाठीचं पाकीट वर. तेवढ्यात आई तो डबा घेऊन आली. गच्च भरलेला, लाडवांनी.

"आई, जड होईल गं. पिशवीत बांधून दे."

"नाही, यातच ने," आई म्हणाली. तिने सॅकमधलं सामान स्वतः उपसून डबा अगदी तळाशी, पाठीला लागेल असा बसवला आणि वरून एकदा हाताने दाबून बघितला. "बाकी काय हरवायचं ते हरव. डबा परत घेऊन ये."