पेन्सिलीने दिलेले गुण

आमच्या कॉलेजात मुलाखतीचे गुण आधी पेन्सिलीने लिहायची पद्धत होती. अध्यक्षांचा कल कळला की खोडरबर फिरत आणि मग शाईने आकडे चढत. नव्वदच्या दशकात बास्केटबॉलच्या मुख्य प्रशिक्षकाची जागा निघाली, तेव्हा ग्रंथपाल म्हणून मीही त्या टेबलाशी बसलो होतो.

उमेदवार दोनच होते. एक पदविका घेऊन आलेला तरुण. दुसरा माझा मित्र, मूळचा गडहिंग्लजचा, नऊ वर्षे तुटपुंज्या मानधनावर मुलींचा संघ घडवणारा. पुढच्या वर्षी त्याचे वय उलटणार होते, म्हणजे ही शेवटचीच संधी.

"पदविका कुठाय, पावणं?" अध्यक्षांनी विचारले.

"न्हाय साहेब. पोरी हायत की माझ्या, भाईर मैदानात. बघा तरी."

सगळे हसले. तोही हसला.

मी त्याला वीसपैकी एकोणीस लिहिले होते. तो बाहेर गेल्यावर अध्यक्ष म्हणाले, "कागद असलेला बरा." खोडरबर फिरू लागले. माझाही फिरला. एकोणीसच्या जागी मी शाईने नऊ लिहिले.

पुढे तो एका साखर कारखान्यावर पहारेकरी झाला आणि तीन वर्षांत गेला. रक्षाविसर्जनाच्या दिवशी त्याची बायको माझ्यापाशी येऊन थांबली.

"सर, तुमचं लई नाव काढायचे. म्हणायचे, त्या टेबलावर एकानं तरी मला मनापासनं मार्क दिलं असतील."

"होय वहिनी," मी म्हणालो, "दिले होते."