पाच गोळ्या, एकाच जागी

बापूराव गेल्याचं मला नागपुरात, सदर भागातल्या माझ्या दुकानात कळलं. त्यांचा मुलगा स्कूटर उभी करून आत आला, म्हणाला, "काका, बाबा गेले..." आणि तिथल्याच स्टुलावर बसला. त्याला आता महिना होत आला.

आमच्या रायफल क्लबात नवी पोरं गोळी मध्यभागी लागली की नाचायची. बापूराव मात्र पाच गोळ्या झाडायला लावून कागद उतरवत आणि सर्वांत लांबच्या दोन भोकांमधलं अंतर पट्टीने मोजत. म्हणत, "भोकं विखुरली तं तुहा हात चुकला. एका जागी पडली, पण मधात नाही, तं बंदुकीची साइट, नेम धराची खूण, हलली. ते दुरुस्त होते गा."

एकोणीसशे साठ-पासष्टच्या सुमाराची गोष्ट. पारशिवनीकडच्या एका गावात बिबट्यानं मूल नेलं होतं. परवाना बापूरावांकडे होता, मी सोबत गेलो. जीप खाचखळग्यांतून आदळत पोचली तेव्हा ऊन कलत होतं. साइट तपासायला एक गोळी झाडून बघू, असं ते म्हणाले. पण आवाजाने बिबट्या पळेल म्हणून गावकऱ्यांनी हात जोडले. बापूरावांनी ऐकलं.

रात्री बिबट्या आला तेव्हा बापूरावांची गोळी छातीऐवजी पोटात लागली. जखमी बिबट्या काट्यांत शिरला. सकाळी माग दाखवायला किसन नावाचा शेतकरी पुढे झाला आणि बिबट्यानं त्यालाच धरलं. बापूरावांनी अगदी जवळून बिबट्याला मारलं... पण किसन नागपूरला पोचेपर्यंतही राहिला नाही.

चार दिवसांनी त्यांनी तीच रायफल क्लबात आणली, साइटला हात न लावता पाच गोळ्या झाडल्या. पाचही भोकं एका रुपयाखाली झाकली गेली असती, आणि सगळी पार डावीकडे. मी म्हणालो, "बापूराव, तुमचा हात चुकला नव्हता."

"मले मालूम आहे," ते म्हणाले. "हात चुकला असता तं नशीब म्हटलं असतं. हे तं एका गोळीत समजलं असतं."

त्यांनी पुन्हा रायफल खांद्याला लावली नाही. पोरांना शिकवत राहिले, एवढंच.

तेरवीला एक म्हातारी आली, कोणी ओळखेना. किसनची बायको, असं तिनंच सांगितलं. जेवायचा आग्रह झाला, पण ती दारातच उभी.

"दरसाल आमच्या घरी येत जी," ती मला म्हणाली. "आंगणात उभे राहत. बोलत नसत. मी एकदाबी त्याईले बसा म्हटलं नाही."

आणि मग ती बापूरावांच्या आरामखुर्चीजवळ, खाली जमिनीवर बसली.