भावजयीच्या खोलीतला माझा खटका

नवऱ्यानं टाकल्यावर मी राणीसावरगावला धाकट्या भावाकडे आले, त्याला बरीच वर्षं झाली. मागच्या पत्र्याच्या खोलीत राहते आणि ब्लाउज शिवते. गुडघा गेल्यापासून पायानं मशीन चालवणं जमत नाही, म्हणून तिला मोटर बसवली. ती मोटर भावजयीच्या डोळ्यात सलायची. जुन्या बोर्डाचा फ्यूज उडाला की घरभर अंधार, आणि बोलणी मला. फ्रिज तिचा, कूलर तिचा, पाणी तापवायचा रॉड तिचा. फ्यूज मात्र कायम माझ्या मोटरीनंच उडायचा.

म्हणून भावानं तो बोर्ड काढून खटक्यांचा, म्हणजे एमसीबीचा, नवा बॉक्स बसवायचं काढलं, तेव्हा घरात सगळ्यात जास्त खूश मी झाले. प्रत्येक खोलीला वेगळा खटका. ज्याचा लोड जास्त होईल, त्याचाच खटका पडणार. आता बरी चोरी उघडी पडेल, असं मी मनात म्हटलं. कसला आनंद झाला होता मला, आज आठवलं की माझाच राग येतो.

वायरमननं ओसरीच्या भिंतीवरून हात फिरवला. "इथं बसवू. मीटर बी जवळ हाय, भिंत बी सपाट हाय."

"न्हाई, आमच्या खोलीत बसवा," भावजय म्हणाली. "इथं लेकरं हात लावतेत."

लेकरं दोन्ही परभणीला हॉस्टेलवर. मी भावाकडे पाहिलं. तो तंबाखू मळत होता आणि मळतच राहिला.

त्यांची खोली जुनी, दगडमातीची. उन्हाळ्यात गार राहते म्हणून भावजयीनं ती आधीच धरलेली. तिथल्या भिंतीला पोट सुटलंय. मध्ये फुगलेली, खाली खोल गेलेली. ड्रिल लावलं की मूठ मूठ माती गळायची. वायरमननं भोकात लाकडी गुट्ट्या ठोकल्या आणि स्क्रू आवळले, तसा बॉक्स पिळला गेला. त्याचं दार लागेना. त्यानं स्क्रू ढिले केले, तर बॉक्स एका अंगाला डुगडुगायला लागला.

"वैनी, ओसरीतच बसवा की. दार न्हाई लागलं तर आत पाल शिरती, मग शॉर्ट होतंय."

"दुसरं काय करता येतंय ते सांगा."

"मागं सपाट फळी लागंल. फळी भिंतीला बसवायची, खाली जिथं पोकळ हाय तिथं चिपा घालायच्या, अन् फळीवर बॉक्स."

भावजय उठली ती थेट माझ्या खोलीत गेली आणि माझी कापड कापायची फळी घेऊन आली. चांगली जाड प्लायची, कात्री फिरून फिरून गुळगुळीत झालेली. मी म्हटलं, "अगं, ती माझ्या कामाची हाय."

"जमिनीवर कापता येतंय की, अक्का. घरासाठीच तर लागायलीय."

घरासाठी! माझ्यादेखत त्या फळीवर करवत चालली. खालच्या पोकळीत चिपा गेल्या, वरून सिमेंट भरलं, आणि बॉक्स असा सरळ बसला की वायरमनसुद्धा खूश झाला.

मग हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला. माझ्या खोलीचा खटका वर करायला मी हात पुढे केला, तर भावजयीनं माझं मनगट धरलं. "तुमी नका अक्का, पहिल्यांदा सवाशिणीचा हात लागावा." माझ्या कपाळावर कुंकू आहे, नवराही जिवंत आहे, पण टाकलेलीचं कुंकू आमच्याकडे कुणी धरत नाही. माझा खटका तिनं वर केला, तेही परक्या माणसासमोर.

लगीनसराई आली. एका नवरीचे ब्लाउज संध्याकाळच्या गाडीनं जायचे होते. ते वेळेवर दिले असते तर त्या घरची पुढची सगळी शिलाई माझ्याकडे येणार होती. भर दुपारी बाही लावताना मशीन थांबली, डोक्यावरचा पंखाही थांबला. मी बाहेर आले. ओसरीतला पंखा गरगर फिरत होता आणि त्याखाली भाऊ बसला होता. त्यांच्या खोलीला कुलूप.

"माझीच लाईट गेलीय रे. ती कुठंय?"

"आत्ताच गंगाखेडला गेलीय बाजाराला. जाताना तुझा खटका पाडून गेली असंल. आग लागायचं भ्या वाटतंय तिला."

"किल्ली दे."

"किल्ली तिच्याकडं हाय."

त्याच्या सदऱ्याच्या खिशातून किल्लीचा दोरा बाहेर लोंबत होता. लाल दोरा, माझ्याच रिळाचा. मी म्हटलं, "ती काय खिशात दिसायलीय."

त्यानं खाली पाहिलं. एका बोटानं दोरा आत सारला. मग म्हणाला, "कामून कटकट करायलीस? ती आली की लावील. तवर च्या टाक."

या भावाला मी कडेवर घेऊन वाढवलं. वाटलं, तो खिसा ओढून फाडावा. पण फाडून जायचं कुठं? मी आत जाऊन चहा टाकला, त्याच्या हातात कप दिला आणि उरलेली बाही हातानं टाचायला तिथंच त्याच्या पंख्याच्या कडेला बसले. तो निवांत चहा प्यायला. रिकामा कप माझ्याकडे देताना त्यानं माझ्या तोंडाकडे बघितलं आणि म्हणाला, "अक्का, जरा आत जाऊन बस. लय घाम आलाय तुला, वास यायलाय."