पाइप ओढणाऱ्या मॅडम

"पाइपात पाणी सोडा, भाऊ."

केंद्राच्या फाटकातून आत येता येताच मॅडम हे म्हणायच्या आणि पदर कमरेला खोचायच्या. नमस्कार नाही, बसणं नाही. मी अग्निशमन केंद्राचा प्रमुख, पण त्या आल्या की मी त्यांच्या प्रयोगशाळेतला शिपाई व्हायचो.

मॅडम इंजिनिअरिंग कॉलेजात शिकवायच्या. माहेर नागपूरचं, वडील रेल्वेत. आगीत माणसाऐवजी यंत्र कसं पाठवावं, यावर त्यांनी पीएचडी केली होती. असे प्रबंध कपाटात सुखानं राहतात, हे तुम्हीही पाहिलं असेल. यांना ते बघवत नव्हतं. त्यात आमचं रायपूर नुकतंच नव्या राज्याची राजधानी झालेलं. रोज कुठे ना कुठे उद्घाटन, आणि प्रत्येक मांडवामागे आमची एक गाडी उभी. उरलेल्या गाडीला आगी, आणि उरलेल्या वेळाला मॅडम.

यंत्र म्हणजे रणगाड्यासारख्या पट्ट्यांवर चालणारी, बैठ्या टेबलाएवढी लोखंडी गाडी. आपण लांब उभं राहून ती रिमोटनं चालवायची. तिनं पाइप ओढत आगीपर्यंत न्यायचा आणि पाणी मारायचं. पाइप रिकामा असला की ही लोखंडी पोरगी धावायची. पाणी सोडलं की पाइप जडशीळ व्हायचा आणि ती जागच्या जागी पट्टे फिरवत बसायची.

"काहून थांबली?" मॅडम तिलाच विचारायच्या. मग किती जोर लागतो ते कळावं म्हणून भरलेला पाइप स्वतः ओढायच्या. एकदा चिखलात सपशेल पडल्या. मी धावलो, तर बसल्या जागेवरून म्हणाल्या, "वळणावर जास्त जड जाऊन राहिला. पुन्हा सोडा."

आमची माणसं त्यांना पाहिलं की दुरुस्तीचं सोंग करून बंबाखाली शिरायची.

शेवटी पट्टे बदलले, मोटर मोठी आली. मी मोठ्या साहेबांच्या मागे लागून मैदानात प्रात्यक्षिक ठरवलं. टायर पेटवले. गाडी भरलेला पाइप ओढत सरळ गेली आणि तिनं आग विझवली. लोकांनी टाळ्या वाजवल्या.

"बहुत बढ़िया, मैडम. चार मशीनों का प्रस्ताव भेज दीजिए," साहेब म्हणाले.

"अभी मत लीजिए, सर," मॅडम म्हणाल्या. "मैदान में चली है. गोल बाज़ार की गली में मोड़ पर अटक जाएगी."

साहेबांनी घड्याळ पाहिलं आणि ते निघून गेले. माझं डोकं फिरलं.

"घेऊ तर द्यायची होती, मॅडम. मग करत बसलो असतो दुरुस्ती."

"अन् ती अटकल्यावर आत कोणाले पाठवलं असतं? संतोषलेच ना?"

संतोष आमचा जवान. आगीत सगळ्यांत आधी तोच शिरायचा. दोन लहान पोरी होत्या त्याला. तरी माझा राग गेला नाही.

पुढच्याच आठवड्यात मॅडम पुन्हा फाटकात. आता त्यांना पाइप गोल बाजारात न्यायचा होता, दुकानं उघडायच्या आधी. झाडू मारणारे दुकानदार आमच्याकडे बघत राहिले आणि मी मान खाली घालून उभा. असे कित्येक रविवार गेले.

एक दिवस त्या आल्या त्या हसतच. पाइप ओढायचाच नाही, म्हणाल्या. गाडीच्या पाठीवर गुंडाळी ठेवायची. गाडी पुढे जाईल तशी ती मागे उलगडत जाईल, आणि गाडी पोचल्यावर पाणी सोडायचं.

"हे आधी काहून नाही सुचलं?" मी जवळजवळ ओरडलोच.

"मले काय माहीत," त्या म्हणाल्या.

त्यानंतर त्या आजारी पडल्या. नवी गाडी त्यांच्या विद्यार्थ्यांनी पुरी केली आणि वापरून पाहायला आमच्याकडे आणून ठेवली. त्या हिवाळ्यात मॅडम गेल्या.

उन्हाळ्यात सदर बाजारात एका कापड दुकानामागचं गोदाम पेटलं. आत गॅसचे सिलिंडर होते. एरवी संतोष शिरला असता. त्यानं तोंडावर मुखवटा चढवलाही होता. मी मॅडमची गाडी पाठवली. बोळातली दोन वळणं घेऊन, मागे पाइप टाकत, ती धुरात दिसेनाशी झाली. मी पाणी सोडायला सांगितलं.

संतोष मुखवटा काढून दुकानाच्या पायरीवर बसला. "अब्बड़ धीरे चलथे, साहब," तो करवादला.

होतीच हळू. मीही त्याच्याशेजारी टेकलो. बोळातून येणारा काळा धूर वाफेनं पांढरा व्हायला लागेपर्यंत आम्ही दोघं तिच्या नावानं बोटं मोडत बसलो होतो.