मधली गाठ

तोकुजीनं पहिली वीस वर्षं मुकोजिमा या नदीकाठच्या वस्तीत विहिरी खणल्या आणि पुढची तीस वर्षं त्याच बुजवल्या. आता तो अठ्ठ्याहत्तरचा झाला होता. उद्या सकाळी लेक त्याला चिबाला, आपल्या घरी न्यायला येणार होती. म्हणून आजचा दिवस तिघा जुन्या सोबत्यांनी मिळून भटकायचं, असं फुसाएनं ठरवलं होतं. कोपऱ्यावरचं कटलेटचं दुकान एके काळी फुसाएचं होतं आणि समोरचं सार्वजनिक न्हाणीघर कानेमित्सुचं. दुकानात आता सायकली दुरुस्त होत. न्हाणीघराच्या जागी निळा पत्रा उभा होता आणि पत्र्यामागे नव्या बांधकामाचा खड्डा.

फेब्रुवारीतलं ऊन पातळ होतं. दोन छत्र्या एकमेकींना घासल्याशिवाय जात नसत त्या बोळातून आता सिमेंटची गाडी वळत होती. तिघं देवळात जाऊन आले, नदीकाठी बसले, परत आले. आणि दर खेपेला तोकुजी त्यांना त्याच निळ्या पत्र्यापाशी घेऊन आला.

"तिसऱ्यांदा आलो इथं," फुसाए म्हणाली. "तोकू, वाट विसरलास की पत्र्याच्या प्रेमात पडलास?"

"या वयात पत्राच मिळणार त्याला," कानेमित्सु म्हणाला.

तोकुजी हसला नाही. समोरच्या सोबाच्या, म्हणजे गरम शेवयांच्या, दुकानात तिघं बसले तेव्हा त्यानं वाटी पुढं ओढली, पण चॉपस्टिक उचलल्याच नाहीत.

"काने, तुमची न्हाणीघराची विहीर मी बुजवली, त्या दिवसाबद्दल सांगायचंय."

एकतीस वर्षं झाली होती त्याला. विहीर बुजवताना तिच्यात एक उंच बांबू उभा करून ठेवायचा, म्हणजे आतल्या देवाला श्वास घेता येतो. बांबूच्या आतले, गाठीगाठीवरचे सगळे पडदे लोखंडी सळईनं फोडायचे असतात. मग एकानं एका तोंडातून फुंकायचं, दुसऱ्यानं दुसऱ्या तोंडाशी तळहात धरायचा. त्या दिवशी सळई वीतभर कमी पडली. दोन्हीकडून घातली तरी मधली एक गाठ राहिली. खडीची गाडी येऊन उभी होती, अंधारून येत होतं. कानेमित्सुची आई देवाला वाहायची साकेची, तांदळाच्या दारूची, बाटली घेऊन विहिरीशी वाकली आणि तिनं विचारलं, "वाट मोकळी झाली का, तोकुजी?"

"मी हो म्हणालो," तोकुजी म्हणाला. "आणि त्याच थंडीत दम अडकून ती गेली."

वाटीतली वाफ तिघांच्या मध्ये उभी राहिली. कानेमित्सुनं शेवया ढवळल्या.

"आई दिवसाला दोन पाकिटं ओढायची," तो म्हणाला. "न्हाणीघराच्या धुराड्याला लाज वाटायची तिच्यापुढं. देवाला कशाला गोवतोस?"

"तुझ्या आईचं राहू दे. देवाचं काय?"

फुसाए उठली. "दोघंही खा आधी. मग आत जाऊन बघू."

"आत कोण सोडणार?"

"मी विचारते ना! चाळीस वर्षं या गल्लीला कटलेटं खाऊ घातली आहेत मी."

पत्र्याच्या दाराशी मुकादम भेटला, चाळिशीचा, डोक्यावर बांधकामावरची कडक पांढरी टोपी. फुसाएनं 'विहीर' एवढं म्हणताच त्यानं टोपी काढली.

"काल जुन्या विहिरीचं कडं लागलं, आजोबा. यंत्र बंद ठेवलंय. पुजारी उद्या येतायत. माझी माणसं त्या कोपऱ्यात पायसुद्धा ठेवत नाहीत. ही बुजवली कुणी, कुणालाच ठाऊक नाही."

"मी," तोकुजी म्हणाला.

मुकादमानं कमरेत वाकून त्याला टोपी दिली आणि हाताला धरून उतारावरून खाली नेलं. मागून दोघं आले. खाली काळी माती होती, मुकोजिमाची, नदीनं कधीतरी आणून टाकलेली. तिच्यावर अख्खं गाव उभं राहिलं, जळलं, पुन्हा उभं राहिलं, आणि माती तशीच ओली. तिच्यात दगडांचं कडं होतं, आत, खडीच्या वर, तोकुजीनंच ठोकून बसवलेली चिकणमाती. बांबूचा पत्ता नव्हता. जिथं तो उभा केला होता तिथं मुठीएवढं गोल भोक होतं आणि काठाला तपकिरी भुसा.

भोकातून वाफ येत होती.

आधी त्याला वाटलं, आपल्याच तोंडाची. त्यानं श्वास रोखला. वाफ थांबली नाही. पांढरी, बारीक, घाई नसलेली ती वर चढत होती आणि थंड उन्हात विरत होती. बांबू कुजला होता. त्याच्याबरोबर मधली गाठही कुजली होती. माणसानं न दिलेली वाट मातीनं कधीच, कुणाला न विचारता, करून टाकली होती. आणि तो एकतीस वर्षं वरच्या रस्त्यावरून मान खाली घालून जात राहिला होता.

गुडघे मातीत टेकून त्यानं भोकावर तळहात धरला. खालून ऊब आली. झोपलेल्या गुराच्या नाकपुडीसारखी, ओली.

फुसाएनं हात जोडले.

"नवा पाइप आम्ही घालू, आजोबा," मुकादम हळू आवाजात म्हणाला. "गाड्या लावायच्या जागेतून वर काढू. प्लॅस्टिकचा. त्याला गाठी नसतात."

"तरी फुंकून बघ," तोकुजी म्हणाला. "आणि दुसऱ्या तोंडाशी कुणाचा तरी हात असू दे."

"हो, आजोबा."

कानेमित्सु त्याच्याशेजारी बसला. त्यानंही हात पुढं केला, वाफेत धरला, मागं घेऊन बघितला. मग भोकाकडंच बघत, आईच्याच सुरात त्यानं विचारलं, "वाट मोकळी झाली का, तोकुजी?"

तोकुजीनं पुन्हा तळहात टेकवला, ओला होईपर्यंत तसाच ठेवला, आणि मग म्हणाला, "हो."