माईकसमोरचा नायलॉनचा मोजा

मालकांनी टेप थांबवली, मागे घेतली आणि तीच ओळ पुन्हा लावली. ओळीत 'भगवान' शब्द आला आणि स्पीकरमधून फट्ट असा आवाज आला. ओली चप्पल टेबलावर आपटावी तसा.

"बाई गातात की फटाके उडवतात?" मालक म्हणाले.

"आवाज चांगला आहे. पॉप येतोय. तीन गाण्यांत एकतीस वेळा. मी मोजलेत."

"मोजून कमी झाले का?"

"नाही."

"मग सोमवारी सकाळपर्यंत साफ नमुना आणा. तेव्हा कॅसेटचे गायक ठरतील. नाही आला, तर ती जागा दुसऱ्या बाईंना."

ही गोष्ट ऐंशीनंतरची. कॅसेटचा धंदा नवा होता आणि जोरात होता. पुण्यातल्या एका लहान कंपनीत मी साउंड रेकॉर्डिस्ट होतो, राहायला पौडला. सुमनचं गाणं मी जवळच्या उरवडे गावातल्या एका कार्यक्रमात ऐकलं होतं. ती तिथल्याच कारखान्यात पॅकिंगला होती आणि बुद्धगीतं स्वतः रचायची. शिफारस माझी होती. पहिला नमुना तिच्या नवऱ्याने, विलासने, घरच्या टेपवर घेतला होता. सुमनला सुट्टी फक्त रविवारी, आणि रविवारी आमचा स्टुडिओ बंद. म्हणजे दुसरा नमुनाही तिच्या घरीच घ्यावा लागणार होता. मी लेखी परवानगी घेऊन माईक, स्टँड आणि रेकॉर्डर पौडला आणला.

पॉप म्हणजे काय, ते साधं आहे. तोंडासमोर तळहात धरा आणि 'प, फ, ब, भ' म्हणा. हाताला वारा लागतो. माईकला तोच वारा थपडेसारखा बसतो. मीटरची सुई लाल पट्ट्यात जाते आणि टेपवर फट्ट उमटतं. पॉप फिल्टर म्हणजे मधे धरायचा पडदा. त्याने वारा अडवायचा आणि आवाज जाऊ द्यायचा. दोन्ही कामं एकदम करणारा पडदा शोधणं, एवढाच प्रश्न.

स्टुडिओत एकच फिल्टर होता, माईकवर चढवायची फोमची टोपी. तिने पॉप निम्मे झाले, पण 'स' आणि 'श' गोधडीतून आल्यासारखे वाटायला लागले. टोपी बाद.

मग मी घरच्या टेबलावर तपासणी मांडली. माईकच्या जागी मेणबत्ती, कारण ज्योत आवाजाने हलत नाही, वाऱ्याने हलते. फूटपट्टीने नऊ इंच मोजून मी बसलो आणि मधे एकेक पडदा धरून 'भ' म्हणायला लागलो. दुहेरी मलमलीमागे ज्योत स्थिर, पण टेपवर आवाज मंद. पिठाच्या चाळणीने काहीच अडेना.

"चाळण जागेवर ठेवा," बायको म्हणाली. "आणि भ भ करणं पुरे. शेजारच्यांनी विचारलं, तुमच्याकडे कोण आजारी आहे म्हणून."

तिच्या भरतकामाची सहा इंची लाकडी रिंग मात्र मी मागून घेतली. तिच्यावर ताणायला बायकांचा पातळ नायलॉनचा मोजा हवा होता. तो पुण्यात कॅम्पात मिळाला.

दुकानदाराने विचारलं, "वहिनींचं माप?"

"सहा इंच," मी म्हणालो. "गोल."

त्याने पाकीट बांधून दिलं.

मोजा रिंगवर चढवला की पडद्याचे दोन थर होतात आणि मधे रिंगच्या जाडीएवढी फट राहते. पहिल्या थरातून निसटलेला वारा दुसऱ्यात मरतो. ज्योत जेमतेम लवली. 'स' स्वच्छ. निवड झाली, असं मी वहीत लिहिलं.

रविवारी उरवड्याला गेलो. सुमनने रिंग हातात घेऊन निरखली.

"मोजा हाय व्हय दादा? बुद्धाच्या गाण्याला?"

"नवा आहे. पाकीट तुमच्यासमोर फोडलं असतं, पण घरी ताणून बघायचा होता."

"नवा हाय तर चालंल," ती म्हणाली.

माईकपासून तीन इंचांवर रिंग, रिंगपासून सहा इंचांवर सुमन. विलासने ढोलकी घेतली. पहिलं गाणं झालं. हेडफोनमध्ये 'पाणी' साफ, 'फूल' साफ. 'भगवान' आला की फट्ट. एकाच गाण्यात नऊ.

"नुसतं 'भ' म्हणा," मी म्हणालो. तिने म्हटलं. सुई लाल पट्ट्याजवळसुद्धा गेली नाही.

मी माईक काढला, त्याच्या जागी मेणबत्ती लावली आणि गायला सांगितलं. आता मी सुई सोडून सुमनकडे बघत होतो. 'भगवान' आला, तिची मान पुढे झुकली, ओठ रिंगला टेकायला आले आणि ज्योत विझली.

विलासचा हात ढोलकीवरच थांबला. "नाव घेतलं आन् दिवा इझला. ह्ये बरं न्हाई."

"नावाने नाही विझला," मी म्हणालो. "सहा इंचांचा एक इंच झाला. सुमनताई, मान तेवढी ताठ ठेवाल?"

तिने प्रयत्न केला. मान ताठ राहिली, पण गाणं पाठ केलेल्या धड्यासारखं झालं. दुसऱ्या कडव्यात ती थांबली.

"न्हाई जमायचं, दादा. बापानं नाव घेताना मान लववायला शिकवलं. ताठ मानंनं त्ये नाव माज्या तोंडातनं निघत न्हाई. कॅसेट न्हाई झाली तरी चालंल."

"लई मोठी झालीस," विलास म्हणाला. "रातध्याड कॅसेट कॅसेट करत हुतीस!"

ती रिंगकडे बघत राहिली. चालणार नव्हतं, हे मला दिसत होतं.

मान हलणार असेल, तर माईक हलला पाहिजे. मी स्टँड मागे घेतला, माईक तिच्या कपाळाच्या उंचीवर चढवला आणि तोंड खाली, तिच्या ओठांकडे वळवलं. रिंग त्याच्यासमोर, तेवढीच वर. आता ती झुकली की वारा माईकच्या खालून जाणार होता. अंतर बारा इंच झालं. आवाज थोडा लहान येईल, लेव्हल वाढवून भरून काढता येईल.

आधी माईकच्या नव्या जागी मेणबत्ती लावली. सुमन गायली. मान झुकली. ज्योत उभी.

"आता कसं?" ती विलासला म्हणाली.

"गा की मग," तो म्हणाला.

तीन गाणी झाली. पॉप एकूण दोन, तेही मुद्दाम कान लावला तर.

सोमवारी मालकांनी पूर्ण टेप ऐकली. मधे थांबवली नाही.

"फिल्टर कुठला घेतला?"

"मोजा."

"आणि पॉप?"

"दोन."

"मला एकही ऐकू आला नाही," म्हणत त्यांनी यादीत सुमनचं नाव लिहिलं. तिच्या रेकॉर्डिंगसाठी पुढे एका रविवारी स्टुडिओ उघडला, आणि तिथेही रिंग तिच्या कपाळाच्या उंचीवरच टांगली.

घरी फिल्टर निवडायचा असेल, तर मोजा आणि भरतकामाची रिंग आजही पुरेल. तपासताना मात्र 'प, फ, ब, भ' आपण म्हणू नये. ज्याचं गाणं आहे त्याला गाऊ द्यावं. मी तीन दिवस नेमाने मापं घेतली, ती सगळी माझ्या मानेची होती. आणि माझी मान ताठ आहे.